झेल कधी पूर्ण होतो? नियम, पंच आणि न संपणारे वाद

फलंदाजाला बाद करण्याच्या प्रकारांमध्ये झेल हा दिसायला सर्वांत सोपा प्रकार आहे. चेंडू बॅटला लागला, जमिनीवर पडण्यापूर्वी क्षेत्ररक्षकाने तो पकडला, की फलंदाज बाद. मात्र, क्रिकेटच्या इतिहासातील अनेक कटू वाद याच प्रकारातून उद्भवले आहेत. याचे कारण नियमाच्या शब्दांतच आहे.

नियम काय सांगतो?

क्रिकेटचे नियम मेरिलबोन क्रिकेट क्लब ही लंडनमधील संस्था तयार करते. २०१७ च्या संहितेत झेलबादचा नियम ३३ व्या क्रमांकावर आहे. त्यापूर्वी तो ३२ वा होता. क्षेत्ररक्षकाच्या शरीराला चेंडूचा प्रथम स्पर्श होतो, तेव्हा झेल सुरू होतो आणि चेंडूवर व स्वतःच्या हालचालीवर त्याचे पूर्ण नियंत्रण येते, तेव्हा तो पूर्ण होतो, असे नियम सांगतो. चेंडू धरलेला हात जमिनीला टेकला तरी झेल वैध ठरतो. चेंडू मात्र जमिनीला लागता कामा नये. क्षेत्ररक्षकाने घातलेल्या हेल्मेटवर आदळून उडालेला चेंडू झेलला, तरी २०१७ पासून फलंदाज बाद ठरतो.

‘पूर्ण नियंत्रण’ हे दोन शब्द वादाचे मूळ होत. नियंत्रण किती क्षणांनी पूर्ण झाले, हे मोजण्याचे कोणतेही माप नाही. ते पंचांनीच ठरवायचे असते. १३ जून १९९९ रोजी हेडिंग्ले येथे विश्वचषकाच्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या हर्शेल गिब्जने स्टीव्ह वॉचा सोपा झेल हातात घेतला, पण आनंदाने चेंडू उडविण्याच्या घाईत तो निसटला. नियंत्रण पूर्ण न झाल्याने वॉ नाबाद राहिला. त्या वेळी ५६ धावांवर असलेल्या वॉने नाबाद १२० धावा करून सामना जिंकून दिला.

वानखेडेवरील उदाहरण

पंचांचा निर्णय चुकला तर काय, याचे उत्तर मुंबईने फेब्रुवारी १९८० मध्ये पाहिले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वानखेडे स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना खेळविण्यात आला होता. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८ अशी बिकट झाली असताना कपिल देवच्या गोलंदाजीवर बॉब टेलरला पंच हनुमंत राव यांनी यष्टिरक्षकाकरवी झेलबाद दिले. चेंडू बॅटला लागलेला नाही, अशी खात्री असलेला भारतीय कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याने अपील मागे घेऊन टेलरला परत बोलावले. नियमानुसार पंचांच्या संमतीने कर्णधाराला असे करता येते. त्यानंतर टेलर व इयान बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि इंग्लंडने सामना १० गडी राखून जिंकला. भारताने सामना गमावला. विश्वनाथचे नाव मात्र आजही आदराने घेतले जाते.

सिडनीचा धडा

याच्या नेमके उलट चित्र जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीत दिसले. ३० धावांवर असताना अँड्र्यू सायमंड्सच्या बॅटची कड घेऊन गेलेला चेंडू यष्टिरक्षकाने झेलला, पण पंच स्टीव्ह बकनर यांनी त्याला नाबाद ठरविले. सायमंड्सने नाबाद १६२ धावा केल्या. भारताच्या दुसऱ्या डावात चेंडू बॅटला न लागताही बकनर यांनी राहुल द्रविडला झेलबाद दिले. सौरव गांगुलीचा मायकल क्लार्कने घेतलेला झेल जमिनीलगतचा होता. झेलांबाबत क्षेत्ररक्षकाचा शब्द मानायचा, असे दोन्ही कर्णधारांमध्ये ठरले होते. पंच मार्क बेन्सन यांनी कर्णधार रिकी पाँटिंगला विचारले आणि गांगुलीला बाद दिले. भारत १२२ धावांनी पराभूत झाला. पुढील पर्थ कसोटीतून बकनर यांना वगळण्यात आले. विश्वासावर उभी असलेली व्यवस्था विश्वास संपताच कोसळते, हे या सामन्याने दाखवून दिले.

तंत्रज्ञान आले, प्रश्न उरला

त्याच वर्षी जुलैमध्ये भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी करण्याच्या पद्धतीचा प्रयोग झाला. भारताने या पद्धतीला दीर्घकाळ विरोध केला व २०१६ च्या इंग्लंडविरुद्धच्या मालिकेपासून ती स्वीकारली. बॅटची कड लागली की नाही, याचे उत्तर तंत्रज्ञान बऱ्याच अंशी देते. जमिनीलगतच्या झेलाचे तसे नाही. दूरवरच्या कॅमेऱ्याचे चित्र सपाट असते, अंतराचा अंदाज येत नाही आणि बोटांवर असलेला चेंडूही गवताला लागल्यासारखा दिसतो.

मैदानावरील पंचांनी तिसऱ्या पंचांकडे जाताना आपला कौल सांगण्याची पद्धत जून २०२३ मध्ये रद्द झाली. त्याच महिन्यात ओव्हलवरील कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात कॅमेरून ग्रीनने घेतलेला शुभमन गिलचा झेल तिसरे पंच रिचर्ड केटलबरो यांनी वैध ठरविला आणि वाद पुन्हा पेटला.

सीमारेषेवरील झेलाचा प्रश्न वेगळा. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाऊन येथे टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मुंबईकर सूर्यकुमार यादवने डेव्हिड मिलरचा झेल घेतला. तोल जाताच त्याने चेंडू आत उडविला, सीमेबाहेर पाऊल टाकले आणि परत येऊन चेंडू पकडला. तिसऱ्या पंचांनी निर्णय बाद असा दिला व भारत ७ धावांनी जिंकला. सीमारेषेची गादी मूळ जागेवर होती का, यावर नंतर बराच काळ चर्चा रंगली. सीमेबाहेर हवेत उडून चेंडूला वारंवार स्पर्श करण्याची मुभा आंतरराष्ट्रीय सामन्यांत जून २०२५ पासून काढून घेण्यात आली. आता असा एकच स्पर्श चालतो आणि त्यानंतर क्षेत्ररक्षकाला सीमेच्या आतच उतरावे लागते.

अमेरिकेतही तोच पेच

अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलही याच प्रश्नावर अडखळला. २०१० मध्ये डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सनने आणि जानेवारी २०१५ मध्ये डॅलसच्या डेझ ब्रायंटने घेतलेला झेल अवैध ठरला. खाली पडताना खेळाडूने अखेरपर्यंत चेंडू राखला पाहिजे, अशी तेव्हा अट होती. प्रेक्षकांना जो झेल दिसे, तो नियमाला दिसत नसे. अखेर २०१८ मध्ये ही अट वगळून नियम सोपा करण्यात आला. तरीही ‘नियंत्रण’ हा शब्द तेथेही कायम राहिला.

जेथे कॅमेरा नाही

बहुसंख्य क्रिकेट मात्र कॅमेऱ्याविना खेळले जाते. नाशिकमधील अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीत सुटीच्या दिवशी टेनिस चेंडूचा सामना रंगतो, तेव्हा तिसरा पंच नसतो. अशा वेळी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नाणेफेकीपूर्वीच सीमारेषा आणि जमिनीलगतच्या झेलांबाबतचा संकेत दोन्ही कर्णधारांनी ठरवून घ्यावा. गोलंदाजाच्या टोकाकडील पंचांना झेल नीट दिसला नसेल, तर त्यांनी स्क्वेअर लेगच्या पंचांशी सल्लामसलत करावी. एवढे करूनही शंका उरली, तर तिचा फायदा फलंदाजाला द्यावा. चेंडू जमिनीला लागला की नाही, हे सर्वांत आधी झेल घेणाऱ्याला ठाऊक असते. त्याने प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हटले, तर अर्धे वाद मैदानावरच मिटतील.