जॅकेटच्या आतली बाजू

चामड्याचं जॅकेट म्हटलं की आपण बाहेरून बघतो. रंग, चमक, कोपराला पडलेल्या सुरकुत्या. 'टॉप गन' (१९८६) मधल्या टॉम क्रूझच्या जॅकेटवरचे बिल्ले भल्याभल्यांना आठवतात, पण आतलं अस्तर कसं होतं ते विचारा, कोणी सांगणार नाही. गंमत अशी की ही जॅकेटं आधी आतूनच मरतात. घोड्याचं कातडं नीट ठेवलं तर ऐंशी वर्षं सहज टिकतं. अस्तर मात्र घामाने मानेपाशी कुजतं, मुंढ्यात फाटतं, आणि एक दिवस बाहीत हात घालावा तर बोटं भलतीकडूनच बाहेर येतात.

मग प्रश्न येतो, बदलायचं का? प्रश्न शिंप्याचा वाटतो, पण आहे इतिहासाचा. कसा, ते सांगतो.

आधी जॅकेट कुठलं ते. क्रूझचं होतं अमेरिकन नौदलाचं जी-१. आपण बोलतोय ए-२ बद्दल. 'द ग्रेट एस्केप' (१९६३) मध्ये स्टीव्ह मॅक्वीनने घातलंय ते. अमेरिकेच्या आर्मी एअर कोअरने ते १९३१ साली स्वीकारलं. गडद तपकिरी, बहुधा घोड्याचं कातडं, समोर चेन, झाकणवाले दोन खिसे, मनगटाला आणि कमरेला विणलेली लोकर. सुरुवातीला अस्तर रेशमी असायचं. चैन म्हणून नव्हे हां! रेशीम हलकं, आणि शर्टावरून बाही सर्रकन चढते. पुढे सुती अस्तर रूढ झालं. तसंही अमेरिकेचं बहुतेक कच्चं रेशीम यायचं जपानहून, आणि १९४१ साली तो व्यापारच थांबला.

ही जॅकेटं एका कारखान्यात होत नव्हती. रफ वेअर, एरो लेदर, पेरी स्पोर्ट्सवेअर अशा बऱ्याच कपडेवाल्यांना कंत्राटं दिली जायची. त्यामुळे एकाच नमुन्याच्या जॅकेटांचं अस्तर कुणाचं विटकरी, कुणाचं फिकट तपकिरी. कॉलरखाली आत लेबल, त्यावर कंत्राटाची माहिती. अस्तरावर तपासनिसाचा शिक्का. आणि बऱ्याचदा मालकाने स्वतः शाईने घातलेलं नाव. बाहेरून सगळी जॅकेटं भाऊ-भाऊ, ओळख पटते ती आतून. १९४३ मध्ये लष्कराने ए-२ ची नवी खरेदी थांबवली आणि कापडी जॅकेटं आणली. म्हणजे खरी जुनी ए-२ जेवढी आहेत तेवढीच.

आता गोष्ट चीनकडे वळते. १९४१ साली क्लेअर शेनॉल्ट यांनी अमेरिकन स्वयंसेवक वैमानिकांचा एक गट जपानविरुद्ध लढायला उभा केला. हेच ते 'फ्लाइंग टायगर्स'. प्रशिक्षण ब्रह्मदेशात तौंगू इथे, पहिली लढाई २० डिसेंबर १९४१ ला कुनमिंगजवळ. अडचण अशी, की विमान पडलं आणि वैमानिक एखाद्या चिनी खेड्यात उतरला, तर हा गोरा माणूस मित्र की शत्रू हे गावकऱ्यांना कळणार कसं? म्हणून रेशमावर छापलेला एक तुकडा त्यांना मिळाला. वर चीनचा झेंडा, खाली चिनी मजकूर. आशय असा, की हा परदेशी माणूस युद्धात मदतीला आलाय, सगळ्यांनी त्याला वाचवावं. तो तुकडा पाठीवर शिवायचा.

याला म्हणतात 'ब्लड चिट'. यातला 'चिट' हा शब्द म्हणजे आपली चिठ्ठीच! इंग्रजांनी तो हिंदुस्थानात उचलला. अशा चिठ्ठ्यांची पद्धतही आपल्या बाजूची आहे. वायव्य सरहद्द प्रांतावर उडणारे ब्रिटिश वैमानिक चिनी चिठ्ठीच्या कितीतरी आधीपासून असे कागद जवळ ठेवायचे. आमच्या माणसाला सुखरूप परत आणा, बक्षीस मिळेल, असा त्यांचा मजकूर.

पण पाठीवरच्या झेंड्याचा एक तोटा उघड आहे. गावकऱ्याला दिसतो तसा तो जपानी सैनिकालाही दिसतो. जुलै १९४२ मध्ये हा गट विसर्जित झाला. पुढे चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर आलेल्या अमेरिकन वैमानिकांच्या चिठ्ठ्या बऱ्याचदा जॅकेटच्या आत, अस्तरावर शिवलेल्या दिसतात. वेळ आली की चेन उघडायची आणि दाखवायची. आसामातून हिमालयाच्या पूर्व टोकावरून कुनमिंगला माल नेणारी 'हम्प'ची विमानं (१९४२ ते १९४५, एकूण सुमारे साडेसहा लाख टन माल) याच आघाडीवरची. तिथल्या काही चिठ्ठ्या तर भारतातल्या आणि चीनमधल्या कारागिरांनी चामड्याचे रंगीत तुकडे कापून हाताने शिवल्यात.

युरोपातही हाच विचार चालू होता. ब्रिटनच्या एमआय-९ या खात्यातले क्रिस्टोफर क्लेटन हटन यांनी वैमानिकांसाठी रेशमावर नकाशे छापून घेतले. कागदाचा आवाज होतो, रेशमाचा होत नाही. शाई पसरू नये म्हणून तिच्यात पेक्टिन घातलं. जॅम घट्ट करतं ते! हे काम लीड्सच्या वॉडिंग्टन्स कंपनीनेही केलं, म्हणजे ब्रिटनमध्ये मोनोपॉली छापणारी तीच. असे नकाशे कपड्यांच्या अस्तरात दडवता यायचे.

थोडक्यात काय, तर अस्तर ही त्या काळात जीव वाचवणाऱ्या वस्तूंची जागा झाली होती.

आता मूळ प्रश्नावर येऊ. अस्तर बदलताना नेमकं काय करतात? आधी कमरेची आणि मनगटाची लोकरी पट्टी उसवायची, मग चेनलगतची आणि कॉलरखालची शिवण. जुनं अस्तर अख्खं बाहेर काढून त्याचे भाग सुटे करायचे: पाठ, पुढचे दोन, दोन बाह्या. हेच तुकडे नव्या कापडाचा कागदी नमुना म्हणून वापरायचे. खरी परीक्षा परत शिवताना. कापडातलं सुईचं भोक बुजतं, चामड्यातलं कायम राहतं. नव्या भोकांची रांग पाडली तर जुनं कातडं तिकिटासारखं फाटतं. म्हणून चांगला कारागीर जुन्याच भोकांतून टाके घालतो. दोराही फार चिवट नको, नाहीतर ताण आल्यावर दोऱ्याऐवजी चामडं तुटतं.

हे सगळं उत्तम जमलं, तरी जुन्या अस्तरासोबत काय जातं ते बघा. तपासनिसाचा शिक्का जातो, मालकाचं नाव जातं. आणि काही नसलं तरी खुणा जातात. अस्तरावर चिठ्ठी असेल तर तिच्याखालचं कापड कमी मळतं, कमी विटतं. चिठ्ठी काढून घेतली तरी फिकट चौकोन आणि भोकांची रांग मागे राहते. आज या जॅकेटांना मोठी किंमत येते, त्यामुळे जुन्या जॅकेटवर चिठ्ठी नंतर शिवून ते 'चीनमध्ये लढलेलं' म्हणून विकण्याचा मोह होणारच. ती लबाडी पकडायची तर साक्षीदार एकच, जुनं अस्तर. कोऱ्या कापडावर शिवलेली चिठ्ठी खरी की खोटी, हे कापड सांगूच शकत नाही. आमच्या धंद्यात सांगायचं तर कोड नीट चालतोय, पण बदलांची सगळी नोंद कुणीतरी पुसून टाकलीये.

म्हणून मला वाटतं, उत्तर जॅकेटवर अवलंबून आहे. नव्याने बनवलेलं जुन्या धर्तीचं जॅकेट असेल तर खुशाल बदला. (अशी हुबेहूब जॅकेटं बनवण्यात आज बझ रिक्सन्ससारख्या जपानी कंपन्या आघाडीवर आहेत. काळाचा महिमा!) ते घालायलाच बनलंय, आणि फाटक्या अस्तरात हात अडकला की फाट वाढतच जाते. पण युद्धकाळातलं असेल तर जरा थांबा. संग्रहालयांत जीर्ण कापडावर तलम रेशमी जाळी किंवा नायलॉनची जाळी टाकून ते आहे तिथेच सावरतात, तसं काही जमतं का बघा. नाहीच जमलं, तर उसवण्याआधी आतून-बाहेरून फोटो काढा, आणि निघालेलं अस्तर लेबलासकट, न धुता, जॅकेटसोबत जपून ठेवा. धुतलं की डागांबरोबर पुरावाही गेला.

शिंपी विचारेल, "ह्या चिंध्या ठेवायच्यात कशाला?" त्याला म्हणावं, जॅकेट कोणाचं होतं ते या चिंध्यांवर लिहिलंय.