रायगडावरील राणीवसा

यंदाच्या सहलीसाठी रायगड ठरला तेव्हा आमच्या बैठकीत वाद झाला तो एकाच गोष्टीवरून : पायऱ्या चढून जायचे की रोपवेच्या पाळण्यात बसायचे? अखेर नऊ जणी पायऱ्यांनी निघाल्या आणि गुडघ्यांची तक्रार असलेल्या आम्ही बाकीच्या पाळण्यात बसलो. १९९६ पासून ही सोय झाली आहे. दीड हजाराच्या आसपास पायऱ्यांचे काम चार-पाच मिनिटांत होते. आपण काही न करता वर आलो याची थोडी लाज वाटते, पण ती वरचा गार वारा लागताच जाते.

जाताना पाचाडला उतरलो होतो. गडावरची थंडी आणि वारा जिजाऊसाहेबांना मानवेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पायथ्याशी वाडा बांधविला. आज जोती, तट आणि विहिरी उरल्या आहेत. राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला आणि १७ जूनला मातोश्रींनी याच ठिकाणी देह ठेवला. त्यांची समाधी जवळच आहे. तिथे आमच्यातल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, "अकरा दिवस तरी मिळाले हो!" पुढे गाडीत बसल्यावरही बराच वेळ कोणी बोलले नाही.

वर माहिती सांगण्यासाठी एक तरुण ठरविला होता. पायथ्याच्याच वाडीतला. त्याचे वडीलही हेच काम करीत, असे तो म्हणाला. आवाज खणखणीत, पाठांतर पक्के, आणि "बघा ताई", "ऐका मावशी" असे म्हणून प्रत्येकीला गोष्टीत ओढून घेण्याची हातोटी होती. पाळण्यातून वर आलेला प्रवासी मेणा दरवाजातून बालेकिल्ल्यात शिरतो. राणीवशातील स्त्रियांचे मेणे ज्या दाराने ये-जा करीत ते हे दार. पुरुषमंडळींचा राबता पलीकडच्या पालखी दरवाजाकडून. आज रोपवेने येणारे सगळे, मिशीवाले बाप्येसुद्धा, बायकांच्या दारातूनच आत येतात, याची मला मोठी गंमत वाटली.

दार ओलांडले की हाताशी राणीवसा. म्हणजे आता नुसती जोती; ओळीने मांडलेली, मधे बोळ, मागे शौचकूप आणि पाणी जाण्याच्या वाटा. आमच्या वाटाड्याने भराभर बोटे दाखविली : हा महाल अमक्या राणीसाहेबांचा, हा तमक्या. त्यांत त्याने सईबाईंचाही महाल दाखविला, तेव्हा मात्र मला राहवले नाही. सईबाई १६५९ साली राजगडावर वारल्या. रायगड राजधानी झाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. कोणत्या जोत्यावर कोण राहत होते याची पाटी इतिहासाने ठेवलेली नाही. मी हळूच हे सांगितले. पोरगा चांगला, रागावला नाही. "आमाला असंच शिकवलंय ताई," म्हणाला.

मग एकीने अगदी घरगुती प्रश्न विचारला. "अरे, जोती एवढी भक्कम, मग वर भिंत नाही, तुळई नाही, कौल नाही, सगळं गेलं कुठं?" त्याने उत्तर दिले, "इंग्रजांनी जाळलं," आणि तो राजसभेकडे वळला. मला या एका वाक्यापाशी थोडे थांबायचे आहे.

हे वाडे दगडी जोत्यावर लाकडाचे होते. १८१८ च्या एप्रिल-मे महिन्यांत कर्नल प्रॉथर याच्या फौजेने रायगडाला वेढा घातला आणि समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या. मेच्या पहिल्या आठवड्यात गोळ्यांनी गडावर आग लागली आणि वाडे भस्म झाले. त्या वेळी गडावर दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती. बाजीराव स्वतः पळापळीत होता. ती या आगीत सापडली आणि किल्लेदाराने गड खाली करावा असा आग्रह तिने धरला. काही दिवसांत गड इंग्रजांच्या हाती गेला आणि तिला पुण्याकडे जाऊ देण्यात आले. राणीवशातल्या शेवटच्या राणीची हकीकत ही एवढीच. तिने शौर्य दाखविले नाही, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरातला पुरुष निघून गेला आहे, छप्पर पेटले आहे, त्या घरातल्या बाईने आतल्या माणसांचे जीव वाचवायला सांगितले, तर मी तिला नावे ठेवणार नाही.

राजसभेत आमच्या माहितगाराचे खरे कसब दिसले. सिंहासनाच्या जागेपाशी त्याने एकीला उभे केले, स्वतः दूर नगारखान्याच्या बाजूला गेला आणि कागद टरकन फाडला. एवढ्या अंतरावरून आवाज स्पष्ट ऐकू आला. जवळजवळ सव्वादोनशे फूट लांबीचा हा चौक आज वरून उघडा आहे, तरी ही किमया टिकून आहे. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता. नगारखान्यापाशी दोन हत्ती पाहून, ते असल्या अवघड वाटेने वर आले कसे, याचे त्याला नवल वाटले. सोहळ्याचे वर्णन वाटाड्याने फार रंगवून केले, आणि ते रंगवायलाच हवे. त्याच सोहळ्यात सोयराबाई पट्टराणी म्हणून महाराजांशेजारी बसल्या, हेही त्याने सांगितले. पुढे त्याच सोयराबाईंना भिंतीत चिणून मारल्याची जी कथा सांगतात ती मात्र त्याने सांगितली नाही, याबद्दल मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले. त्या १६८१ साली गेल्या, कटाचा संशय त्यांच्यावर आला, हे खरे. बाकीचे बखरकारांचे मीठमसाले.

बाजारपेठेतून पुढे जाताना दही विकणाऱ्या बायका भेटल्या. पिठले-भाकरी सांगून ठेवली. गडावर भाजलेली भाकरी आणि वर तांबड्या मिरचीचा ठेचा. यापुढे पुण्या-मुंबईच्या हॉटेलांतली ताटे फिकी. पण त्या बायका रोज दही-दूध डोक्यावर घेऊन येतात ते पाहून हिरकणीची आठवण न होणे शक्यच नव्हते, आणि आमच्या मार्गदर्शकाचीही हीच आवडती जागा होती. सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ, आणि ती गवळण कडा उतरून गेली. आमच्यातल्या दोघींचे डोळे पाणावले. मीही ही गोष्ट माझ्या मुलांना इतिहास म्हणूनच सांगत आले आहे. पण शिवकालीन कागदपत्रांचा तिला आधार दाखविता येत नाही. ती लोकांच्या तोंडून चालत आलेली आहे. ती सांगू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. तिच्या नावाचा बुरूज आहे, तिच्या नावाची वाडी आहे. माझी कुरकुर निराळी आहे. जिच्याबद्दल कागद आहेत, साल आहे, शिक्का आहे, तिच्या नावाचा या गडावर साधा चौथरासुद्धा कोणी आम्हांला दाखविला नाही. ती म्हणजे येसूबाई.

शृंगारपूरच्या शिर्क्यांची ही लेक, संभाजी महाराजांची राणी. महाराज सदा मोहिमेवर. रायगडाचा कारभार ती पाहत असे. 'श्री सखी राज्ञी जयति' असा तिचा स्वतंत्र शिक्का होता. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरी महाराज पकडले गेले. ११ मार्चला त्यांचा अमानुष वध झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस इतिकदखानाचा वेढा रायगडाला पडला. गडावर त्या वेळी कोण होते, पाहा : ही नुकतीच विधवा झालेली राणी, तिचा मुलगा शाहू, ज्याला अजून सात वर्षेही पुरी झाली नव्हती, आणि एकोणीस वर्षांचा धाकटा दीर राजाराम.

गादी कोणाला, हा प्रश्न होता. मुलगा तिचा, तिने हट्ट धरला असता तर त्याला नाही कोण म्हणणार होते? पण फेब्रुवारीतच राजारामांना मंचकारोहण करविले गेले होते, आणि आता सगळे एकाच गडावर अडकले तर राज्यच संपेल, म्हणून राजारामांनी बाहेर पडावे असे ठरले. हा सल्ला येसूबाईंचाच, असे बखरी सांगतात. ५ एप्रिलला राजाराम महाराज गडावरून निसटले आणि प्रतापगड, पन्हाळा करीत पुढे जिंजीस पोहोचले. येसूबाई मुलाला घेऊन मागे राहिली. हा निरोप कोणत्या दाराशी झाला असेल, कोण जाणे. मी मेणा दरवाजाशी परत आले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तोच आला.

पुढे तिने आठ महिने गड लढविला. पावसाळा सबंध गेला. रायगडावरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचा अर्थ कळेल : चार हात पलीकडचे दिसत नाही, सरपण ओले, धान्याला बुरशी. नोव्हेंबरात गड पडला. सूर्याजी पिसाळाने फितुरी केली, असे आमच्या वाटाड्याने ठासून सांगितले. येसूबाईने बोलणी करून गड दिला, असेही अभ्यासक मानतात. एवढे निश्चित की ती आणि शाहू बादशहाच्या छावणीत कैदी झाले. तिथे औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा हिने त्यांच्याशी मायेने वर्तन केले. कैदेत असेच एखादे माणूस भेटते.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि शाहू सुटला. आई मात्र सुटली नाही. मुलगा शब्दाला जागतो की नाही याची हमी म्हणून तिला दिल्लीला ठेवून घेतले. आणखी बारा वर्षे! अखेर १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथ-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आला, तेव्हा तिची सुटका झाली. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्या सनदांचे महत्त्व सविस्तर असते. त्याच काफिल्यातून एक म्हातारी होत चाललेली बाई तीस वर्षांनी घरी येत होती, हे ओळीच्या शेवटी कुठे तरी येते. आणि घर तरी कुठले? रायगड तेव्हा सिद्दीच्या ताब्यात होता. मराठ्यांकडे तो परत आला १७३३ साली. ती साताऱ्याला आली, मुलाच्या राजधानीत. रायगड पुन्हा तिचा झाला नाही.

जेवणे झाल्यावर जगदीश्वराचे आणि समाधीचे दर्शन घेतले. तिथले वर्णन मी मुद्दाम करीत नाही, कारण ते प्रत्येकीने आपापले घ्यावे. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत रायगड आहे, हेही आमच्या माहितगाराने अभिमानाने सांगितले. त्यामुळे गर्दी वाढली आहे आणि त्याचे उत्पन्नही. भगिनींनी पुढच्या खेपेस जाताना सकाळची पहिली फेरी गाठावी, पाण्याची बाटली आणि डोक्याला रुमाल घ्यावा, आणि माहितगाराची दक्षिणा आधी ठरवावी.

पाळण्याच्या रांगेत उभ्या असताना तो पोरगा माझ्याजवळ आला. खिशातून छोटी वही काढली. "ताई, त्या येसूबाईसाहेब दिल्लीवरनं कुठल्या साली आल्या म्हणालात?" मी सांगितले. त्याने लिहून घेतले, आणि कैदेची वर्षे बोटांवर मोजू लागला.