गुलामांच्या जहाजावरील पश्चात्ताप

कोलरिजचा म्हातारा खलाशी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस कॉलेजांतील पाठ्यपुस्तकांतून भेटला असेल. निरपराध पक्ष्याला मारल्यामुळें जहाजावर शाप ओढवतो, सोबती डोळ्यांदेखत मरतात आणि तो एकटा उरून आपली कथा सांगत जन्मभर फिरतो. हें काव्य १७९८ सालीं प्रसिद्ध झालें. त्यापूर्वीं तीन वर्षें, १७९५ त, त्याच कवीनें ब्रिस्टल येथें गुलामांच्या व्यापाराविरुद्ध व्याख्यान दिलें होतें, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाहीं. काव्याचा आणि व्याख्यानाचा संबंध कितपत जोडावा हा वाद टीकाकारांनीं करावा. आम्हांस येथें ज्याची हकीकत सांगावयाची आहे तो खलाशी कल्पनेंतला नाहीं. त्याचें नांव जॉन न्यूटन. गुरुत्वाकर्षणाचा न्यूटन तो वेगळा. हा १७२५ सालीं लंडन येथें एका जहाजाच्या कप्तानाच्या पोटीं जन्मला.

त्याची आई तो सहा वर्षांचा असतांनाच वारली, आणि अकराव्या वर्षीं बापानें त्याला समुद्रावर नेलें. १७४४ त त्याला आरमारांत जबरीनें भरती करण्यांत आलें. तेथून तो पळाला, पकडला गेला, सर्वांसमक्ष फटके खाऊन पायरीवरून उतरला. पुढें गुलामांच्या एका जहाजावर बदली होऊन तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागला. तेथें एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या चाकरींत असतांना त्या व्यापाऱ्याच्या आफ्रिकन बायकोनें त्याचे फार हाल केले. तापानें फणफणलेला, अर्धपोटीं, अंगावर धड वस्त्र नाहीं, अशा स्थितींत हा मनुष्य वाळूंत काठीनें आकृत्या काढून युक्लिडचीं प्रमेयें सोडवीत बसे! त्याच्याजवळ उरलेलें तेवढेंच एक पुस्तक होतें.

१७४७ त 'ग्रेहाऊंड' नांवाच्या जहाजाच्या कप्तानानें त्याला तेथून उचललें. त्याच्या बापानें तशी विनंती केली होती. परतीच्या वाटेवर न्यूटनची जीभ इतकी सैल सुटली कीं कप्तानासारखा मुरलेला माणूसही त्याच्या शिव्या आणि देवनिंदा ऐकून अस्वस्थ होई. १७४८ सालच्या मार्चच्या १० तारखेच्या रात्रीं वादळानें जहाजाची एक बाजू फोडली. न्यूटन डेकवर चढत होता; कप्तानानें चाकू आणण्यास सांगितलें म्हणून तो मागें वळला. त्याच्या जागीं जो वर गेला त्याला लाटेनें तत्क्षणीं ओढून नेलें. जहाज तरलें याचें कारण न्यूटननें स्वतःच नमूद करून ठेविलें आहे: पोटांत मेण आणि रंगाचें लाकूड भरलेलें होतें, आणि हा माल पाण्याहून हलका. पंप मारून थकल्यावर त्याला सुकाणूवर उभें करण्यांत आलें, आणि दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत तेथें उभा असतां त्याला आपलें मागील आयुष्य एकेक करून दिसूं लागलें.

वादळ शमलें तरी हाल संपले नाहींत. अन्न वाहून गेलें होतें. खारवलेल्या माशांवर दिवस काढावयाचे. कप्तानाची खात्री झाली कीं हा पापी जहाजावर आहे म्हणूनच हें अरिष्ट आलें. बायबलांतील योनासारखें याला समुद्रांत टाकावें म्हणजे बाकीचे वांचतील, असें तो उघड बोलून दाखवी. सुमारें चार आठवड्यांनीं, शेवटचा घांस हंडींत शिजत असतां, जहाज आयर्लंडच्या लॉक स्विली खाडींत शिरलें. इंग्लंडनें पंचांग बदलल्यावर १० मार्चची तिथि २१ मार्चवर गेली, आणि तो दिवस न्यूटननें मरेपर्यंत व्रतासारखा पाळला.

लोकप्रिय चरित्रें येथेंच टाळ्या घेतात. वादळ झालें, पाप्याला देव दिसला, त्यानें गुलामांचा व्यापार सोडला, स्तोत्र लिहिलें. हा क्रम साफ खोटा आहे. न्यूटन वांचला तो १७४८ त, आणि त्याच वर्षीं गुलामांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी होऊन पुन्हां आफ्रिकेस गेला. पुढें १७५० ते १७५४ या काळांत त्यानें कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. एक 'ड्यूक ऑफ आर्गाइल' वर, दोन 'आफ्रिकन' वर. लिव्हरपूलहून माल न्यावयाचा, त्याच्या बदल्यांत किनाऱ्यावर महिनेच्या महिने थांबून माणसें घ्यावयाचीं, तीं वेस्ट इंडीज बेटांत विकावयाचीं. दर रविवारीं हा कप्तान खलाशांना जमवून स्वतः प्रार्थना चालवी. पायांखालच्या तळांत बेड्यांनीं जखडलेलीं माणसें होतीं. मोकळ्या वेळांत तो लॅटिन शिके आणि बायकोला प्रेमपत्रें लिही.

त्याची त्या वेळची रोजनिशी १९६२ सालीं छापून प्रसिद्ध झाली. तींत मेलेल्या गुलामाला नांव नाहीं. अमुक क्रमांकाचा पुरुष समुद्रांत टाकिला, एवढीच नोंद. १७५२ च्या डिसेंबरांत बंडाचा संशय आला तेव्हां कांहीं मुलांच्या अंगठ्यांना स्क्रूचे चाप लावून कबुली काढल्याची नोंद आहे. हात थरथरल्याची खूण कोठें दिसत नाहीं. कोणी म्हणेल, हा मनुष्य ढोंगी होता. आमचें मत तसें नाहीं. ढोंग्याला आपल्या दोन वागणुकींतील अंतर ठाऊक असतें. न्यूटनला तें दिसतच नव्हतें. कायदा या व्यापाराच्या बाजूस होता, विमेवाले आणि सावकार त्यावर पैसा लावीत, शहरांतील सभ्य गृहस्थ त्यांत भागीदार असत. शिव्या देणें पाप आहे हें त्याला वादळानें शिकविलें; माणूस विकणें पाप आहे हें शिकविणारें कोणी भेटलेंच नव्हतें. आमच्याकडेही पेशवाईंत कुणबिणींची खरेदी-विक्री खुशाल होई, आणि ती करणाऱ्यांच्या स्नानसंध्येंत त्यामुळें खंड पडत नसे, हें येथें आठवलेलें बरें.

त्यानें समुद्र सोडला तोही पश्चात्तापानें नव्हे. १७५४ त, नवी सफर निघण्यास दोन दिवस असतां त्याला झटका येऊन तो बेशुद्ध पडला, आणि वैद्यांनीं जाण्यास मनाई केली. लिव्हरपूल बंदरांत जकातीची नोकरी, मग १७६४ त ओल्नी गांवीं धर्मोपदेशकाची दीक्षा. त्याच वर्षीं आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. त्यांत बेड्या आणि साखळ्यांच्या धंद्याचा उबग येई असें आहे, पण धंद्याचा निषेध नाहीं. १७७३ च्या नववर्षदिनासाठीं त्यानें ओल्नीस तें स्तोत्र रचलें, जें आज 'अमेझिंग ग्रेस' या नांवानें जगभर गाइलें जातें. त्यांत गुलामांचा उल्लेख एका शब्दानेंही नाहीं. ज्या चालीवर तें आपण ऐकतों ती १८३५ त अमेरिकेंत जोडली गेली. न्यूटननें ती कधीं ऐकिली नाहीं.

मग तोंड उघडलें केव्हां? १७८८ सालीं; वादळाला चाळीस वर्षें होऊन गेल्यावर. तोंवर तो लंडनच्या सेंट मेरी वुलनॉथ चर्चमध्यें वजनदार उपदेशक झाला होता. १७८५ त तरुण खासदार विल्बरफोर्स मनाच्या गोंधळांत त्याच्याकडे गुपचूप सल्ला मागण्यास आला. संसद सोडूं नको असें न्यूटननें त्याला सांगितलें. १७८७ त गुलामांच्या व्यापाराविरुद्ध मंडळी स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षीं न्यूटनचें पुस्तक निघालें. ही कबुली फार उशिरां येत आहे हें त्यानें आरंभींच मान्य केलें. एके काळीं जें आपण बिनदिक्कत केलें तें आठवून आतां अंग शहारतें, असा त्याचा भाव आहे. पण पुस्तकाचें बळ या शोकांत नाहीं, तपशिलांत आहे. तळाची उंची पांच फूट, कधीं त्याहूनही कमी. तीही मधून फळी टाकून दुभागलेली. कपाटांत पुस्तकें रचावीं तशीं माणसें दोन थरांत दाटून निजविलेलीं. एका होडीवरचा प्रसंग तर वाचवत नाहीं. आईच्या कडेवरचें वर्षाचें मूल रात्रीं रडून झोप मोडतें म्हणून जहाजाच्या एका अधिकाऱ्यानें तें हिसकावून समुद्रांत फेकलें. आईला फेकलें नाहीं, कारण तिची किंमत येणार होती.

असें लिहूं शकणारे दयाळू लोक इंग्लंडांत पुष्कळ होते; पण हें मी पाहिलें, हें मी केलें, असें म्हणणारा माजी कप्तान विरळा. प्रिव्ही कौन्सिलपुढें आणि १७९० त कॉमन्स सभेच्या समितीपुढें त्याची साक्ष झाली. ज्या रोजनिशीच्या वळणानें त्यानें माणसांचे क्रमांक टिपले, त्याच वळणाच्या कोरड्या तपशिलानें त्यानें आपल्याच धंद्याविरुद्ध पुरावा दिला.

आपल्याशींही त्याचा एक धागा लागतो. त्याच्या उपदेशानें पालटलेला क्लॉडियस ब्यूकॅनन हिंदुस्थानांत येऊन कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजाचा उपप्रमुख झाला. याच कॉलेजांत कॅरे मराठी शिकवीत असे, आणि त्याचें मराठी व्याकरण १८०५ त छापलें गेलें. गुलामगिरीचें कायदेशीर अस्तित्व मात्र कंपनीच्या मुलुखांत १८४३ च्या कायद्यापर्यंत राहिलें.

ब्रिटिश व्यापार बंद करणाऱ्या कायद्यास १८०७ च्या मार्चच्या २५ तारखेस राजाची संमति मिळाली. न्यूटन तेव्हां ब्याऐंशीच्या घरांत होता, दृष्टि जवळजवळ गेली होती. त्याच वर्षीं डिसेंबरांत तो वारला. आपल्या थडग्यावरचा लेख त्यानें स्वतः लिहून ठेविला होता. त्यांत आपण एके काळीं नास्तिक आणि स्वैराचारी होतों, आफ्रिकेंत गुलामांचे चाकर होतों, असें आहे. गुलामांच्या जहाजाचे कप्तान होतों, असें त्यांत नाहीं. हा लेख आम्हीं पुनःपुन्हां वाचून पाहिला; सभागृहांत सर्व कांहीं सांगून टाकिलेल्या माणसाचा हात दगडापाशीं कां अडखळला असावा, याचें समाधान होत नाहीं. लेखाची शिळा लंडनच्या चर्चमध्येंच आहे. १८९३ सालीं तेथील तळघर मोकळें करावें लागलें, तेव्हां त्याच्या आणि बायकोच्या अस्थि ओल्नीस नेऊन पुरण्यांत आल्या.