रंजन कोणाचे आणि कोणाच्या हुकमाने?

कलेचे प्रयोजन रंजनापलीकडे जाते काय, हा प्रश्न मराठी समीक्षेने फडके-खांडेकर वादापासून घोळवला आहे. ना. सी. फडके कलेसाठी कला म्हणाले, वि. स. खांडेकर जीवनासाठी कला म्हणाले. दोघांच्याही डोळ्यांपुढचा रसिक मात्र एकच होता, पुस्तक घेऊन निवांत वाचत बसणारा. दुसऱ्याचे रंजन करणे हेच ज्याच्या वाट्याला जन्माने आले, त्याची बाजू या वादात आली नाही. तो माणूस पाहायचा तर मुदखेडसारख्या ठिकाणी यावे लागते.

मुदखेड हे १९४८ पर्यंत निजामी राज्यातले गाव. या मुलखात लग्नाची वरात, पोळ्याची मिरवणूक हलगीशिवाय निघत नसे. हलगी वाजवणार मातंग. त्याचे कसब कोणी नाकारले नाही. पण वाजवावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्याचा नव्हता. वाजवून झाले की त्याची जागा मांडवाबाहेर आणि मोबदला म्हणजे उरलेसुरले अन्न. सौंदर्यशास्त्राच्या कोणत्या प्रकरणात हे बसते? आनंद होता, तो ऐकणाऱ्याचा होता. वाजविणाऱ्याकडे होती ती गावकी.

१९२७ च्या सुमारास पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीच्या निधीला देऊ केले. बाबासाहेबांनी ते नाकारले. समाजाच्या स्त्रियांना फडावर नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. बापूराव जन्माने ब्राह्मण, त्यांच्या फडातली पवळा महार. लावणीचा थोर कवी म्हणून बापूरावांचा गौरव करताना ही गोष्ट सहसा वगळली जाते. बाबासाहेबांचा तो नकार हा माझ्या मते मराठीतला कलाविचाराचा एक मोठा निर्णय आहे, आणि तो कोणत्याही समीक्षाग्रंथात घडलेला नाही.

परंतु नकार तमाशाच्या रूपाला नव्हता. सत्यशोधकांनी ते रूप आधीच जलशासाठी घेतले होते. तीसच्या दशकात नाशिक जिल्ह्यातून भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा निघाला, तेव्हा ढोलकी राहिली, सवाल-जवाब राहिले, हशाही राहिला. गेला तो शृंगार आणि गेले ते बाईचे नाचणे. रंजन हाकलून दिले नाही. त्याची वेठ मोडली.

नाशिक जिल्ह्यातल्या मनमाडहून निघालेली रेल्वे औरंगाबाद, परभणी, नांदेडवरून मुदखेडला येते आणि इथून एक फाटा आदिलाबादकडे जातो. निजामी राज्यात १९२९ च्या गश्ती क्रमांक ५३ मुळे सभेसाठी आधी परवानगी काढावी लागे. गाणे कंठातून जाते, त्याला ना जकात ना परवाना. पुढे वामनदादा कर्डक मराठवाड्यात गावोगाव गायले. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी ती गाणी ऐकून पाठ केली. चाल गोड नसती तर केली नसती, हेही कबूल केले पाहिजे. प्रचारकी पण बेसूर अशी कितीतरी कवने त्याच काळात विरून गेली.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत ४ ऑगस्टला पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. पोचीराम मातंग होते. ज्या जातीने हलगी वाजवावी अशी गावाची अपेक्षा, त्या जातीतल्या माणसाने 'जय भीम' सोडला नाही. १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतची सोळा वर्षे शाहिरांनी हे नाव गाण्यातून जिवंत ठेवले. मोर्चापुढे हलगी वाजली, पण या वेळी हुकूम कोणाचा नव्हता. त्या वाजविण्यात आनंद नव्हता असे कोण म्हणेल? दुःखाचे गाणे म्हणतानाही माणसे ताठ होत गेली. 'रसास्वाद' हा शब्द इथे अपुरा पडतो.

आता चौदा एप्रिलला डीजेची भिंत येते. पोरे नाचतात, आणि नाचू नये असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्यांच्या आज्यापणज्यांना स्वतःच्या मर्जीने नाचायला कधी मिळाले होते? मात्र त्या गोंगाटात ठेका तेवढा ऐकू येतो, शब्द नाही. पोचीराम कोण, हे ज्या गाण्यांतून कळत असे, त्यांतली बरीच छापलेली नाहीत, गाणाऱ्यांच्या तोंडी आहेत. नांदेडला १९९४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. त्याच्या महाविद्यालयांतले मराठीचे प्राध्यापक आणि विद्यार्थी वह्या घेऊन मुदखेड, भोकर, नायगावच्या वस्त्यांत बसले तर ही गाणी उतरवून घेता येतील. गाणारे आता सत्तरी ओलांडलेले आहेत.