कानोसा घेणारी मोटार

मोटारीच्या डॅशबोर्डमध्ये संगणक बसवायचा, त्याला पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांची बिनतारी संभाषणे टिपणारा स्कॅनर जोडायचा आणि दोन्ही यंत्रे एकाच पडद्यावरून चालवायची, ही अमेरिकेतील प्रथा वरवर पाहता यंत्रवेड्या हौशी मंडळींची करामत वाटते. परंतु तिचा माग काढत मागे गेले, की एका जुन्या आणि महत्त्वाच्या प्रश्नाशी आपण येऊन पोहोचतो, तो म्हणजे सरकारी यंत्रणा आपसात जे बोलतात ते रस्त्यावरच्या नागरिकाने ऐकावे की नाही. जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर पोलिसांच्या गाडीत जे यंत्र आधी आले ते काही वर्षांनी सामान्य माणसाच्या गाडीत पोहोचले, आणि या दोन गाड्यांमधल्या अंतरातच या प्रथेचा इतिहास घडला आहे.

आरंभ डेट्रॉइट शहरात झाला. मोटारीतून पळणाऱ्या गुन्हेगाराला पायी गस्त घालणारा शिपाई गाठू शकत नाही, आणि मोटार दिली तरी ती ठाण्यापासून दूर गेली की तिला निरोप पोहोचत नाही, ही अडचण तेथील पोलीस आयुक्त विल्यम रटलेज यांना सतावत होती. 1922 मध्ये या पोलीस दलाने ‘केओपी’ या नावाने प्रक्षेपण केंद्र सुरू केले. मात्र त्या काळच्या नियमांनुसार त्याला मनोरंजन केंद्राचा परवाना मिळाल्यामुळे चोरीच्या गाड्यांचे वर्णन सांगताना मध्ये मध्ये संगीतही वाजवावे लागत असे. खरी अडचण मात्र गाडीतल्या रिसीव्हरची होती. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी त्याच्या काचेच्या नाजूक व्हॉल्व्हवर परिणाम होई आणि लावलेले केंद्र सरकून जाई. गाडीत टिकेल असा रिसीव्हर तयार झाल्यावर 1928 च्या एप्रिलमध्ये डेट्रॉइटची नियमित सेवा सुरू झाली. ती एकमार्गी होती: ठाणे बोलत असे, गाडी फक्त ऐकत असे. गाडीतून ठाण्याशी बोलता येण्याची सोय 1933 मध्ये न्यू जर्सीतील बेयॉन या गावात झाली.

याच सुमारास खासगी मोटारीतही रेडिओ शिरत होता. शिकागोतील पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने 1930 मध्ये ‘मोटोरोला’ या नावाचा मोटार-रेडिओ बाजारात आणला आणि पुढे तेच नाव त्या कंपनीने स्वीकारले. या कामातील अडचणी तपशिलाने पाहण्यासारख्या आहेत, कारण सत्तर वर्षांनंतर डॅशबोर्डमध्ये संगणक बसवणाऱ्यांना त्याच अडचणी निराळ्या रूपात भेटल्या. पहिली अडचण विजेची होती. गाडीची बॅटरी सहा व्होल्टची, तर व्हॉल्व्हना शंभर-दोनशे व्होल्टचा दाब लागे. त्यासाठी प्रथम वेगळ्या बॅटऱ्या गाडीच्या फळ्यांखाली ठेवत, आणि पुढे व्हायब्रेटर नावाचे साधन आले, जे एका थरथरत्या पट्टीने बॅटरीचा प्रवाह वेगाने खंडित करी, म्हणजे तो रोहित्रातून नेऊन हवा तितका वाढवता येई. दुसरी अडचण खरखरीची. इंजिनात इंधन पेटवणारी प्रत्येक ठिणगी ही स्वतःच एक छोटे प्रक्षेपण असते, आणि डायनॅमोचे ब्रशही तसाच गोंगाट करतात. म्हणून स्पार्क प्लगच्या तारांवर रोधक आणि डायनॅमोवर धारित्र बसवून तो गोंगाट उगमापाशीच दाबावा लागे. तिसरी अडचण एरियलची. जुन्या गाड्यांच्या छताचा मध्यभाग कापडाचा असल्याने त्याखाली तारेची जाळी लपवता येई, पण 1935 च्या गाड्यांपासून जनरल मोटर्सने संपूर्ण पोलादी छत आणले आणि ती सोय संपली. एरियल आधी पायफळीखाली आणि नंतर काठीच्या रूपाने बॉनेटच्या बाजूला गेले.

त्या काळी पोलिसांची प्रक्षेपणे सर्वसाधारण रेडिओ केंद्रांच्या पट्ट्याला अगदी लागून होती, आणि घरगुती रेडिओंच्या तबकडीवर ‘पोलीस’ अशी खूणही छापलेली असे. त्यामुळे पोलिसांचे संदेश ऐकणे हा दिवाणखान्यातला विरंगुळा झाला होता. मोटारीत तोच रिसीव्हर ठेवणे ही बाब मात्र सरकारला वेगळी वाटली, कारण घरात ऐकणारा जागच्या जागी राहतो आणि गाडीत ऐकणारा घटनास्थळी पोहोचू शकतो किंवा तिथून पळू शकतो. ज्या मिशिगन राज्यात डेट्रॉइट आहे, त्याच राज्याच्या 1931 च्या दंडसंहितेने पोलिसांच्या लहरी पकडणारा रिसीव्हर परवान्याशिवाय गाडीत बसवणे हा गुन्हा ठरवला, आणि इतर काही राज्यांनीही असे कायदे केले. 1934 च्या संघीय दळणवळण कायद्याचा रोख निराळा होता: कानावर पडलेला परक्याचा बिनतारी संदेश तिसऱ्याला सांगणे किंवा त्याचा स्वतःच्या लाभासाठी उपयोग करणे त्याने निषिद्ध मानले. अमेरिकेतील हौशी श्रोत्यांचे जग या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत वाढले.

ब्रिटिश हिंदुस्थानात अशी फट राहिलीच नाही. 1933 च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला, आणि साध्या घरगुती रेडिओसाठीही टपाल कचेरीत जाऊन परवाना काढण्याची पद्धत स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे टिकली. मुंबई-पुण्याच्या मोटारींत स्कॅनरची हौस रुजली नाही, याचे कारण कुतूहलाच्या अभावात शोधण्यापेक्षा या कायद्यात शोधणे अधिक न्याय्य आहे.

गाडीतल्या या ऐकण्याला व्यवसायाचे रूप देणारा सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे न्यू यॉर्कचा वृत्तछायाचित्रकार आर्थर फेलिग, जो ‘वीजी’ या नावाने ओळखला जातो. 1938 मध्ये त्याला आपल्या शेव्हर्ले गाडीत पोलिसांचा रेडिओ ठेवण्याची परवानगी मिळाली. रात्रभर तो शहरात हिंडे, आग, अपघात किंवा खुनाची वर्दी कानावर येताच तिकडे वळे, आणि कित्येकदा पोलिसांच्या बरोबरीनेच पोहोचे. त्याच्या गाडीच्या डिकीत कॅमेरे, फ्लॅशचे दिवे, अग्निशमन दलाचे बूट, सिगार आणि टंकलेखन यंत्र असा सगळा संसार असे, आणि छायाचित्रांच्या ओळी तो तिथेच उभ्या उभ्या टंकित करी. 1945 साली आलेले त्याचे ‘नेकेड सिटी’ हे पुस्तक अमेरिकी छायाचित्रणात मानाचे समजले जाते, आणि ते एका गाडीतल्या रिसीव्हरवाचून घडले नसते. ऐकण्याचे यंत्र आणि लिहिण्याचे यंत्र एकाच गाडीत असले म्हणजे गाडी हीच कचेरी होते, ही गोष्ट वीजीने संगणकाच्या कितीतरी आधी सिद्ध केली होती.

दरम्यान पोलिसांचे तंत्र पुढे सरकले. प्राध्यापक डॅनियल नोबल यांनी कनेक्टिकट राज्य पोलिसांसाठी एफएम पद्धतीची दुमार्गी यंत्रणा उभारली आणि ती 1940 मध्ये चालू झाली. एफएममध्ये संदेश लहरीच्या उंचीत नसून तिच्या कंपनसंख्येतील बदलात असतो, त्यामुळे ठिणग्यांची खरखर त्याला फारशी बाधत नाही. युद्धानंतर बहुतेक दले या पद्धतीकडे आणि पुष्कळ वरच्या लहरींकडे गेली, आणि घरगुती रेडिओवरचा तो ‘पोलीस’ पट्टा निरुपयोगी झाला. आता ऐकायचे तर खास रिसीव्हर हवा होता. शिवाय प्रत्येक दलाची वाहिनी वेगळी आणि प्रत्येक वाहिनीवर बोलणे क्षणभराचे, त्यामुळे एकाच जागी कान लावून बसण्यात अर्थ उरला नाही.

स्कॅनर जन्माला आला तो या अडचणीतून. ठरवून दिलेल्या वाहिन्यांवरून हे यंत्र एकापाठोपाठ एक फिरते, जिथे पुरेशी जोरदार लहर आढळेल तिथे थांबते आणि बोलणे संपताच पुन्हा फिरू लागते. आरंभीच्या स्कॅनरमध्ये प्रत्येक वाहिनीसाठी विशिष्ट कंपनसंख्येचा एक स्फटिक विकत घेऊन बसवावा लागे, म्हणजे आठ-दहा वाहिन्यांतच खिसा रिकामा होई. 1970 च्या दशकाच्या मध्यावर इंडियाना राज्यातील इलेक्ट्रा कंपनीच्या ‘बेअरकॅट’ मालिकेसारखे स्कॅनर आले, ज्यांत एकाच स्फटिकापासून हवी ती कंपनसंख्या इलेक्ट्रॉनिक मंडलाने तयार करता येई. त्यांतल्या पुढच्या यंत्रांवर ती आकडे दाबून भरता येऊ लागली. बारकाईने पाहिले, तर गाडीत संगणक शिरला तो येथेच, कारण अशा स्कॅनरच्या पोटात सूक्ष्म प्रक्रियक आणि स्मृती होती. पोलिसांकडेही संगणक येत होता. एफबीआयने 1967 मध्ये चोरीची वाहने आणि फरारी आरोपी यांची राष्ट्रीय संगणकीय नोंदवही सुरू केली होती. पुढल्या दशकात तिच्यातली माहिती गस्तीच्या गाडीतल्या पडद्यावर अक्षरांत येऊ लागली. त्याबरोबर गाड्यांच्या क्रमांकांची चौकशी तोंडी होईनाशी झाली आणि श्रोत्यांच्या कानांवर पडणारे बोलणे घटले. ही पहिली शांतता गुप्ततेसाठी आणलेली नव्हती, सोयीपोटी आली होती.

स्कॅनर आणि संगणक यांची डॅशबोर्डमधली खरी जोडणी 1990 च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली. 1992 मध्ये बॉब ब्रुनिंगा यांनी सुरू केलेल्या एपीआरएस या पद्धतीने हौशी बिनतारीवाल्यांना आपल्या गाडीचे ठिकाण रेडिओवरून पाठवून संगणकाच्या नकाशावर दाखवण्याची सवय लावली होती. 1998 मध्ये क्लॅरियन कंपनीने डॅशबोर्डमधल्या रेडिओच्या जागी बसणारा संगणक विकायला काढला, जो महाग असल्याने फारसा रुजला नाही. खरी क्रांती केली ती 17 सेंटीमीटर लांबी-रुंदीच्या मिनी-आयटीएक्स संगणक-फलकांनी आणि सात इंची स्पर्श-पडद्यांनी. डॅशबोर्डमधल्या रेडिओच्या खिडकीचे माप जर्मन मानकामुळे 180 बाय 50 मिलिमीटर असे ठरून गेले होते, आणि दुप्पट उंचीच्या खिडकीत पडदा बसे. संगणक सीटखाली किंवा डिकीत जाई. स्कॅनर-निर्मात्यांनीही त्याच मापाची, संगणकाला तारेने जोडता येणारी यंत्रे काढली. संगणक स्कॅनरला कोणती वाहिनी लावायची ते सांगे आणि स्कॅनर कुठे थांबला ते परत कळवी. उपग्रहांकडून गाडीचे ठिकाण मिळत असल्याने एका परगण्यातून दुसऱ्यात शिरताच वाहिन्यांची यादी आपोआप बदलण्याची सोयही झाली.

गॅल्विनच्या काळातल्या अडचणी येथे पुन्हा उभ्या राहिल्या. इंजिन सुरू करताना बॅटरीचा दाब बारा व्होल्टवरून सहा-सातपर्यंत खाली येतो आणि संगणक बंद पडतो. किल्ली काढल्यावर वीज एकदम तोडली तर हार्ड डिस्कवरील नोंदी बिघडतात, आणि न तोडावी तर सकाळी बॅटरी उतरलेली असते. म्हणून किल्लीच्या तारेवर लक्ष ठेवणारा, संगणकाला आधी रीतसर झोपवणारा आणि मगच वीज तोडणारा वीजपुरवठा बनवावा लागला. दुसरी अडचण अधिक चिवट होती. जुन्या गाडीत गोंगाट ठिणगीचा असे. आता खुद्द संगणक, त्याचा वीजपुरवठा आणि पडद्याची केबल हीच गोंगाटाची उगमस्थाने झाली, आणि ज्या लहरी ऐकायच्या त्यांच्यावरच ती खरखर पडू लागली. केबलींवर फेराइटच्या कड्या चढवणे, स्कॅनरची वीज थेट बॅटरीपासून आणणे, सर्व यंत्रांचे भू-जोड एका ठिकाणी घेणे आणि एरियल छताच्या मध्यावर नेणे, हे त्यावरचे उपाय. ही कामे करणाऱ्यांनी कोणत्याही अभियांत्रिकी विद्यालयाच्या अभ्यासक्रमाची वाट न पाहता विद्युत-चुंबकीय सुसंगतीचे शास्त्र आपल्या गॅरेजमध्ये आत्मसात केले, याचा आदराने उल्लेख करायला हवा.

कायद्याची बाजूही दरम्यान बदलत होती. 1986 च्या कायद्याने मोबाइल फोनवरील संभाषण ऐकणे बेकायदा ठरवले, आणि 1994 पासून त्या लहरी पकडणारे स्कॅनर बनवण्यावर बंदी आली. दुसरीकडे, 1993 मध्ये संघीय दळणवळण आयोगाने परवानाधारक हौशी बिनतारीवाल्यांच्या गाडीतील यंत्रांना राज्यांच्या स्कॅनरबंदीतून संरक्षण दिले. 2012 मध्ये दूरचित्रवाणीसाठी बनवलेली स्वस्त संगणकीय पट्टी फार मोठ्या पट्ट्यातल्या लहरी टिपू शकते हे उघड झाल्यावर तर वेगळ्या स्कॅनरचीही गरज कमी झाली. रिसीव्हरचे बहुतेक काम संगणकातील आज्ञावलीच करू लागली.

ऐकण्याचे साधन इतके सुलभ झाले त्याच काळात पोलिसांनी बोलणेच कुलूपबंद करण्यास आरंभ केला. सांकेतिकरण, म्हणजे आवाजाचे असे अंकीय रूपांतर जे किल्लीवाचून उलगडत नाही, डेन्व्हर शहराने 2019 मध्ये आपल्या सर्व पोलीस वाहिन्यांना लागू केले, आणि न्यू यॉर्कने 2023 मध्ये ब्रुकलिनपासून सुरुवात केली. पीडितांची नावे-पत्ते हवेत उघडे पडू नयेत हा पोलिसांचा युक्तिवाद खोटा नाही. परंतु त्यासाठी संपूर्ण संभाषण झाकल्याने वार्ताहरांच्या हातून घटनेच्या क्षणी साक्षीदार होण्याची संधी जाते, हे नुकसान अधिक मोठे आहे. अनेक ठिकाणी वाहिन्यांचे वाटप करणारा नियंत्रण-संदेश अजून उघडा असल्याने डॅशबोर्डवरचा पडदा कोणता गट बोलतो आहे ते दाखवतो, पण आवाज मिळत नाही. अग्निशमन दले, रेल्वे, विमाने आणि हवामान खात्याची अखंड चालणारी प्रक्षेपणे मात्र बहुतांशी मोकळीच आहेत, आणि मैदानी राज्यांत चक्रीवादळांचा पाठलाग करणारे निरीक्षक व पश्चिमेकडील वणव्यांच्या प्रदेशात राहणारी कुटुंबे आपल्या गाड्यांत ही यंत्रे आजही बाळगून आहेत.