तारपा आणि तलवाडा

आमचा पुतण्या नुकताच सहकुटुंब केनियातले मसाई मारा पाहून आला. फोटोंत सिंह, हत्ती, राहण्याचा झकास तंबू आणि मसाई वस्तीतला उंच उड्यांचा नाच. मंडळी, असा बेत आता आपल्याकडेही असतो. पालघर-बोईसरहून डहाणू किंवा जव्हारकडे जा. मुक्काम, रानातला फेरफटका, पाड्यावर भेट आणि रात्री तारपा!

मसाई माराला लागूनच टांझानियातले सेरेंगेटी आहे. १९५९ साली इंग्रज अमलात तिथल्या मसाईंना गुराढोरांसकट उद्यानाबाहेर न्गोरोंगोरोकडे हलवले. सिंह राहिले, गुराखी गेले.

आपल्या वारल्यांना कुठे हलवावे लागले नाही. ते होते तिथेच राहिले, जमिनी मात्र सावकार-जमीनदारांकडे गेल्या. जंगल सरकारने राखीव केले. (वाघाला हे लोक देव मानतात, वाघबारशीला वाघोबा पुजतात. माणसांपेक्षा वाघाचे भय कमी असावे!) जमीनदाराकडे वेठ चुकायची नाही. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायको दोघेही त्याच्या घरी राबत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. हा शब्द मी वर्गात सांगितला की आधी मुले हसत. अर्थ समजला की गप्प होत.

मे १९४५ मध्ये झरी गावी किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी वेठ द्यायची नाही असे सांगितले आणि वारल्यांनी ते खरे करून दाखवले. पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्यात सभा आहे, गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, अशी आवई उठली. हजारो लोक जमले. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले, त्यांत जेठ्या गांगड होता. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

पाड्यावर जाऊ नका असे मी म्हणणार नाही. चार पैसे तिथे पोचतात. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्यांनी भिंतीवरची चित्रे कागदावर आणली, २०११ साली पद्मश्री मिळवली, हे पाहणाऱ्यांमुळेच जगाला कळले. पण नाचाआधी पाच मिनिटे तलवाड्याची हकिगत सांगायला काय हरकत आहे? तीही वस्तीतल्याच कुणी सांगावी, आणि तिचेही पैसे त्याला मिळावेत.