हंगामाच्या अखेरीस आलेला पाहुणा : सर्गेई प्रियाखिनचा कॅल्गरी-करार (१९८९)

मार्च १९८९ च्या अखेरीस कॅनडातील कॅल्गरी नगराच्या ‘फ्लेम्स’ या व्यावसायिक हॉकीसंघाने मॉस्कोच्या सर्गेई प्रियाखिन या पंचवीस वर्षांच्या खेळाडूशी करार केला. साखळी सामने संपावयास तेव्हा अवघे काही दिवस उरले होते. ३१ मार्च रोजी विनिपेगच्या संघाविरुद्ध प्रियाखिन प्रथम मैदानात उतरला आणि सोव्हिएत शासनाच्या रीतसर संमतीने नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळलेला पहिला सोव्हिएत खेळाडू, अशी त्याची नोंद झाली. त्या हंगामातील त्याची एकंदर कामगिरी पाहू गेल्यास ती साखळीतील दोन सामने आणि बाद फेऱ्यांतील एक सामना इतकीच भरते. घटनेचे महत्त्व आणि तिच्या नायकाचा प्रत्यक्ष खेळ यांत एवढे अंतर का पडावे, हा प्रश्न केवळ क्रीडावृत्ताचा नाही. शीतयुद्धाच्या अखेरच्या पर्वात दोन व्यवस्थांमधील व्यवहार कसा सुरू झाला, याचा तो एक लहानसा पण बोलका दाखला आहे.

हॉकी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ध्यानचंदांची मैदानी हॉकी उभी राहते. येथे अभिप्रेत आहे ती बर्फावरील हॉकी. तीत चेंडूऐवजी रबराची चकती असते, खेळाडू पायांत स्केट बांधून खेळतात आणि गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूचे सहाच गडी एका वेळी बर्फावर असतात. या खेळाची सर्वांत धनाढ्य स्पर्धा म्हणजे कॅनडा व अमेरिका या दोन देशांतील संघांची नॅशनल हॉकी लीग. १९८९ साली तीत २१ संघ होते. प्रत्येकाने ८० साखळी सामने खेळावयाचे, त्यांतून १६ संघांनी बाद फेऱ्यांत जावयाचे आणि प्रत्येक फेरीत सातांपैकी चार सामने जिंकणाऱ्याने पुढे सरकावयाचे, अशी तिची रचना होती. शेवटास उरणाऱ्या संघाला स्टॅन्ली चषक मिळतो.

हंगाम संपत आला असता परदेशातून गडी आणावयाचा, ही कल्पना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. तिच्या मुळाशी दोन पंचांगांतील फरक आहे. युरोपातील बहुतेक देशांतर्गत स्पर्धा हिवाळ्याच्या अखेरीस आटोपतात. नॅशनल हॉकी लीगचे साखळी सामने एप्रिलपर्यंत चालतात आणि बाद फेऱ्या वसंत ओलांडून उन्हाळ्यापर्यंत जातात. त्यामुळे मार्च महिन्यात युरोपातील एखादा उत्तम खेळाडू मोकळा होतो, आणि नेमक्या त्याच वेळी अटलांटिकपलीकडच्या संघास ताज्या दमाच्या गड्याची गरज भासू लागते. मात्र गडी मोकळा असणे आणि त्यास येण्याची मोकळीक असणे या दोन निराळ्या गोष्टी होत. १९८९ पर्यंत सोव्हिएत खेळाडूच्या बाबतीत यांपैकी पहिली गोष्ट दरवर्षी घडत होती, दुसरी कधीच नाही.

सोव्हिएत खेळाडूंची योग्यता लीगला अज्ञात होती असे मुळीच नव्हे. सप्टेंबर १९७२ मध्ये कॅनडाच्या निवडक व्यावसायिकांनी सोव्हिएत संघाशी आठ सामन्यांची मालिका खेळली. ती कॅनडाने ४ विजय, ३ पराभव व १ बरोबरी अशी जिंकली खरी, परंतु मॉस्कोतील शेवटच्या सामन्यात निर्णायक गोल झाला तो खेळ संपण्यास ३४ सेकंद उरले असताना. त्यानंतर सोव्हिएत खेळ हलका लेखणे कोणासही शक्य राहिले नाही. लीगचे संघ दरवर्षी नव्या खेळाडूंवरील हक्क क्रमवार निवडीने आपसांत वाटून घेतात. या निवडीस ड्राफ्ट म्हणतात. १९७५ साली फिलाडेल्फियाच्या संघाने रीगाच्या व्हिक्टर खातुलेव्हचे नाव त्यात उच्चारले आणि ड्राफ्टमध्ये निवडलेला तो पहिला सोव्हिएत खेळाडू ठरला. १९८३ साली माँट्रियलने विख्यात गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक याच्यावर हक्क सांगितला. दोघेही लीगमध्ये कधी खेळू शकले नाहीत. हे हक्क म्हणजे वसुलीची आशा नसलेल्या जुन्या कर्जरोख्यांसारखे होते. कागद जपून ठेवावयाचा, इतकेच.

पूर्व युरोपातून जे खेळाडू आले ते बहुधा पळून आले. चेकोस्लोव्हाकियाचा व्हाच्लाव्ह नेदोमान्स्की १९७४ साली आणि पेटर व अँटन श्टास्टनी हे बंधू १९८० साली देशत्याग करून कॅनडात पोहोचले. सोव्हिएत संघातून व्हिक्टर नेचायेव्ह १९८२-८३ च्या हंगामात लॉस एंजेलिसकडून तीन सामने खेळला, पण तो एका अमेरिकन स्त्रीशी विवाह करून देशाबाहेर पडलेला होता. क्रीडासंघटनेने त्यास धाडलेले नव्हते. ‘पहिला सोव्हिएत खेळाडू’ हे बिरुद नेचायेव्हचे की प्रियाखिनचे, असा वाद क्रीडालेखक अधूनमधून घालतात. तो निरर्थक आहे. एक व्यक्ती म्हणून गेला आणि दुसरा शासनाच्या परवान्याने गेला. इतिहासाच्या दृष्टीने भेद आहे तो या परवान्यात.

मग तो परवाना प्रियाखिनलाच का मिळाला? तो सोव्हिएत हॉकीतील पहिल्या पंक्तीचा मानकरी नव्हता. राष्ट्रीय संघातून तो खेळला होता, तथापि फेतिसोव्ह, लारिओनोव्ह, माकारोव्ह, क्रुतोव्ह यांच्या तोडीचा त्यास कोणी म्हटले नसते. जून १९८८ मध्ये माँट्रियल येथे झालेल्या ड्राफ्टमध्ये एकंदर २५२ खेळाडू निवडले गेले, आणि कॅल्गरीने घेतलेला प्रियाखिन हा त्यांतील २५२ वा, म्हणजे सर्वांत शेवटचा होता. याच ड्राफ्टमध्ये बफेलोने तरुण अलेक्झांडर मोगिल्नीचे नाव ८९ व्या क्रमांकावर घेतले होते.

उत्तराचा मोठा भाग प्रियाखिनच्या क्लबात सापडतो. तो मॉस्कोच्या ‘क्रिल्या सोव्हेतोव्ह’ या संघाचा खेळाडू होता. हा संघ विमानउद्योगाशी निगडित, अर्थात नागरी स्वरूपाचा. १९५७ व १९७४ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेला असला तरी त्याच्यावर लष्कराची सत्ता नव्हती. याउलट १९७७ पासून १९८९ पर्यंत सलग तेरा वेळा विजेता ठरलेला ‘त्स्स्का’ हा प्रत्यक्ष सैन्याचा संघ. त्याचे खेळाडू हुद्देदार अधिकारी होते. त्यांस परदेशी क्लबाकडे धाडणे म्हणजे सैन्यातून मुक्त करणे, आणि ती मुक्ती क्रीडासमितीच्या हाती नव्हती. तशात त्यांचे प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव्ह हेच राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक होते. १९८८ च्या शरद ऋतूत इगोर लारिओनोव्हने ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात तिखोनोव्ह यांस अनावृत पत्र लिहिले. वर्षातील बहुतेक काळ कुटुंबापासून दूर, छावणीत कोंडून ठेवण्याच्या पद्धतीवर त्यात उघड टीका होती. पुढे व्याचेस्लाव्ह फेतिसोव्हही जाहीरपणे बोलला आणि संघाबाहेर पडला. लष्कर आणि त्याचे नामांकित खेळाडू यांच्यात असा बेबनाव चालू असता, ज्यास हुद्दा नाही आणि ज्याच्या जाण्याने एप्रिलमधील स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेत राष्ट्रीय संघ लंगडा पडणार नाही, असा खेळाडू प्रथम पुढे करणे मॉस्कोस सोयीचे होते. प्रियाखिनची मध्यम प्रत हीच त्याची पात्रता ठरली, असे म्हणावे लागते.

कॅल्गरीच्या बाजूने पाहिले तर गरजेचा हिशेब अधिकच कोड्यात टाकणारा आहे. सरव्यवस्थापक क्लिफ फ्लेचर यांचा हा संघ त्या वर्षी लीगमध्ये सर्वश्रेष्ठ होता. ८० सामन्यांत ५४ विजय, १७ पराभव, ९ बरोबरी आणि ११७ गुण, असा त्याचा ताळेबंद होता. अशा संघात एप्रिलच्या तोंडावर नवख्यास जागा कोठून असणार? परंतु फ्लेचर यांचा अनुभव या बाबतीत बरा होता. १९८८ च्या फेब्रुवारीत कॅल्गरी येथेच हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा चेकोस्लोव्हाकियाकडून खेळलेल्या यिर्झी हर्डिना यास ऑलिंपिक संपताच फ्लेम्सने घेतले. हंगामाचे उरलेले नऊ सामने तो खेळला आणि पुढच्या, म्हणजे १९८८-८९ च्या हंगामात त्याने २२ गोल केले. संघातील स्वीडनचा होकान लोब हा तर १९८७-८८ मध्ये एका हंगामात पन्नास गोल करणारा पहिला स्वीडिश खेळाडू ठरलेला होता. युरोपीय गड्यांविषयी अनेक संघांत जी अढी होती ती येथे नव्हती. शिवाय १९८३ च्या ड्राफ्टमध्ये २३१ व्या क्रमांकावर निवडलेल्या सर्गेई माकारोव्हवरील हक्क कॅल्गरीकडेच पडून होते. मॉस्कोशी पहिला सौदा नीट पार पडला तर दुसरा, अधिक मोलाचा सौदा सुलभ होईल, हे न ओळखण्याइतके फ्लेचर भोळे नव्हते. प्रियाखिनच्या कराराचे खरे मोल त्या एप्रिलमधील गोलांत शोधणारा अभ्यासक चुकीच्या खात्यात नोंद पाहतो.

बाद फेऱ्यांत काय झाले ते थोडक्यात सांगता येईल. पहिल्याच फेरीत व्हँकूव्हरने कॅल्गरीस सातव्या सामन्याच्या जादा वेळेपर्यंत खेचले आणि जोएल ओटोच्या गोलाने संघ कसाबसा वाचला. त्यानंतर लॉस एंजेलिस व शिकागो यांचा पाडाव होऊन अंतिम फेरीत माँट्रियलशी गाठ पडली. २५ मे १९८९ रोजी माँट्रियलच्याच फोरममध्ये कॅल्गरीने सहावा सामना ४-२ असा जिंकून चषक घेतला. त्या वास्तूत माँट्रियलच्या या संघाला हरवून चषक नेणारा हा पहिलाच पाहुणा संघ. या सर्व वाटचालीत प्रियाखिन एकदाच खेळला. यात त्याचा विशेष अवमान झाला असे समजू नये. २२ गोल करणाऱ्या हर्डिनासही बाद फेऱ्यांत चारच सामने मिळाले, आणि संघाचा वयोवृद्ध नायक लॅनी मॅक्डॉनल्ड यासदेखील अंतिम फेरीतील काही सामने बाहेर बसून पाहावे लागले. पणास सर्वस्व लागले असता प्रशिक्षक ओळखीच्या गड्यावर भिस्त ठेवतो. टेरी क्रिस्प यांनी तेच केले. भाषा न समजणाऱ्या, अरुंद मैदानाची सवय नसलेल्या आणि हमरीतुमरीच्या खेळास अपरिचित अशा नवागतास त्या धामधुमीत शिकविण्यास कोणापाशी सवड नव्हती. उत्तर अमेरिकेतील बर्फाचे मैदान युरोपातील मैदानाहून काही मीटरांनी अरुंद असते. तेवढ्या फरकाने वळण घेण्याचा आणि चकती पुढे सरकविण्याचा सर्व हिशेब बदलतो.

इकडे कॅल्गरीच्या बाद फेऱ्या चालू असतानाच तिकडे स्टॉकहोमला जागतिक स्पर्धा आटोपली, आणि मे महिन्याच्या आरंभी वीस वर्षांचा मोगिल्नी तेथूनच निसटून बफेलोस पोहोचला. तो सैन्याचा खेळाडू. त्याने परवान्याची वाट पाहिली नाही. एकाच वसंतात संमतीचा मार्ग आणि पलायनाचा मार्ग असे दोन्ही उघडे झाले, आणि दुसऱ्या मार्गाच्या धाकाने पहिला अधिक रुंद झाला, असे अनुमान करण्यास जागा आहे. त्याच उन्हाळ्यात फेतिसोव्ह न्यू जर्सीस, लारिओनोव्ह व क्रुतोव्ह व्हँकूव्हरला आणि माकारोव्ह कॅल्गरीस रवाना झाले. सप्टेंबरमध्ये कॅल्गरी व वॉशिंग्टन हे दोन संघ स्वतः सोव्हिएत भूमीवर मैत्रीचे सामने खेळावयास गेले. माकारोव्हने १९८९-९० मध्ये ८६ गुण मिळवून उत्कृष्ट नवोदिताचे पारितोषिक पटकावले. तेव्हा त्याचे वय एकतीस वर्षांचे! ‘नवोदित’ या शब्दाची ही थट्टा लीगला मानवली नाही, आणि त्या पारितोषिकासाठी सव्वीस वर्षांची वयोमर्यादा घालण्यात आली.

या देवघेवीची दुसरी बाजू पैशाची. सोव्हिएत खेळाडूंचे परदेशी करार ‘सोव्हिंटरस्पोर्ट’ या शासकीय संस्थेमार्फत होत आणि मिळकतीचा मोठा वाटा तिकडे जाई. खेळाडू हा श्रम विकणारा स्वतंत्र माणूस की शासनाने भाड्याने दिलेले साधन, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. लारिओनोव्हने त्याचे उत्तर आपल्या परीने दिले. आपल्या खेळावर त्या संस्थेस आणखी रक्कम मिळू नये म्हणून १९९२ साली तो व्हँकूव्हर सोडून एका हंगामासाठी स्वित्झर्लंडमधील लुगानोस निघून गेला.

हंगामाच्या अखेरीस परदेशी खेळाडू आणण्याची प्रथा पुढे रूढ झाली, पण तिचा अर्थ पालटला. १९९५ नंतर नवोदितांच्या करारांस वर्षांची मर्यादा आली आणि शेवटच्या दोन-चार आठवड्यांचा खेळही कराराचे एक पूर्ण वर्ष म्हणून मोजला जाऊ लागला. आता खेळाडूस घाई आणि संघास लोभ, अशी नवी जुळणी झाली. लवकर आलेला खेळाडू मोठ्या वेतनाच्या करारापाशी एक वर्ष आधी पोहोचतो. संघास बाद फेऱ्यांपुरता गडी मिळतो. मार्च २०१२ मध्ये अलेक्झांडर रादुलोव्ह रशियातून नॅशव्हिलला परतला तो असाच. नऊ साखळी सामने खेळून त्याने जुन्या कराराचे उरलेले वर्ष फेडले, परंतु फिनिक्सविरुद्धच्या फेरीत शिस्तभंगाबद्दल संघानेच त्यास वगळले आणि नॅशव्हिल त्या फेरीत बाद झाला. येवगेनी कुझनेत्सोव्ह मार्च २०१४ मध्ये चेल्याबिन्स्कहून वॉशिंग्टनला आला. १७ सामन्यांत त्याने नऊ गुण मिळविले, तरी संघ बाद फेऱ्यांपर्यंत पोहोचलाच नाही. चार वर्षांनी, २०१८ मध्ये, वॉशिंग्टनने चषक जिंकला तेव्हा बाद फेऱ्यांत सर्वाधिक, ३२ गुण याच खेळाडूचे होते. जुलै २०२० मध्ये महामारीमुळे खंडित झालेला हंगाम पुन्हा सुरू होण्याच्या बेतात असता किरिल काप्रिझोव्हने मिनेसोटाशी करार केला. लीगने कराराचे वर्ष मोजू दिले, परंतु त्या बाद फेऱ्यांत खेळण्यास मात्र मनाई केली. खेळाविना केवळ कागदावर हंगाम खर्ची घालण्याचा हा प्रकार प्रियाखिनच्या काळात कोणास सुचलाही नसता.

प्रियाखिन कॅल्गरीत आणखी दोन हंगाम राहिला. ४६ साखळी सामने, ३ गोल आणि ८ साहाय्ये एवढी त्याची लीगमधील शिदोरी. १९९१ नंतर तो स्वित्झर्लंडमध्ये व पुढे फिनलंडमध्ये खेळला. स्टॅन्ली चषकावर विजेत्या संघातील खेळाडूंची नावे कोरली जातात; त्यासाठी ठराविक संख्येने सामने खेळलेले असावे लागतात. १९८९ च्या पट्टीवर प्रियाखिनचे नाव नाही. रशियन खेळाडूंची नावे त्या चषकावर प्रथम उमटली ती १९९४ साली, न्यू यॉर्क रेंजर्सच्या विजयानंतर : कोवाल्योव्ह, झुबोव्ह, नेमचिनोव्ह आणि कार्पोव्त्सेव्ह. यांपैकी सर्गेई नेमचिनोव्ह हा मॉस्कोत क्रिल्या सोव्हेतोव्हकडून, प्रियाखिनच्याच संघातून, खेळलेला होता.